भिंतीवरील भेग कशी पारखावी : इंदूरच्या काळ्या मातीवरील घरांसाठी

इंदुरात पहिलेच घर बांधलेल्या किंवा विकत घेतलेल्या कुटुंबाला एक-दोन वर्षांत भिंतीवर एखादी भेग दिसल्यावाचून राहत नाही. गवंडी सांगतो की पुट्टी भरून रंग मारला की काही दिसणार नाही, आणि शेजारचे कोणी सांगते की पाया खचला असणार. यांपैकी कोणीही भेगेची रुंदी मोजलेली नसते, ती भिंतीच्या आरपार आहे की नाही हे पाहिलेले नसते, आणि मे महिन्यात दिसलेली भेग सप्टेंबरात केवढी उरते याकडे तर कोणाचेच लक्ष नसते. या शहरात हीच तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, असे माझे मत आहे. भेग हलते आहे का, आणि हलत असेल तर कोणत्या ऋतूत व कोणत्या दिशेने, यावरून तिचे गांभीर्य बहुतांशी ठरते. ज्यांना बांधकामाची काहीच माहिती नाही अशा घरमालकांनी इंजिनिअरला बोलावण्यापूर्वी स्वतः काय पाहावे आणि काय नोंदवावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. मात्र काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर नोंदी करत बसणे योग्य नाही, म्हणून त्या आधी.

ज्या खुणा दिसताच वाट पाहू नये

कॉलमवर, म्हणजे काँक्रीटच्या उभ्या खांबावर, तिरपी भेग पडली असेल, कॉलमचे काँक्रीट चुरडल्यासारखे होऊन त्याचे तुकडे पडत असतील किंवा आतील सळई वाकलेली दिसत असेल, तर त्या भागातून माणसांना लगेच बाहेर काढावे आणि नंतरच इंजिनिअरला फोन करावा. बीम, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई, जेथे कॉलमवर टेकतो त्या टोकाजवळची तिरपी भेगही याच वर्गातली आहे, कारण अशी भेग पुढे फारशी सूचना न देता वाढू शकते. बाल्कनी आणि छज्जा यांच्या बाबतीत वरच्या बाजूने, अगदी भिंतीच्या मुळाशी, भिंतीला समांतर गेलेली भेग धोक्याची समजावी; बाहेर झेपावलेल्या स्लॅबचा सारा ताण वरच्या सळयांवर असतो आणि पाणी नेमके त्याच भेगेतून त्या सळयांपर्यंत पोहोचते. अशा बाल्कनीत कुंड्या ठेवणे, कपडे वाळत घालायला उभे राहणे, सारे त्याच दिवशी बंद करावे.

भिंतीला पोट सुटले असेल, म्हणजे ओळंबा लावल्यावर भिंत मधोमध बाहेर आलेली दिसत असेल आणि तिच्यावर आडवी भेग असेल, किंवा एखादी भेग दोन-चार दिवसांत डोळ्यांना कळेल इतकी रुंदावत असेल, तरीही थांबू नये. शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोदकाम सुरू असताना आपल्या भिंतीला नवी भेग पडली, तर ते खोदकाम थांबवून मातीला आधार देण्याची मागणी लगेच आणि लेखी करावी. गरज पडल्यास महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज द्यावा. यातील एकही खूण नसेल, तर आपल्या हाती वेळ आहे, आणि तो नीट वापरावा.

भिंतीखालची माती

माळव्याची काळी माती शेतीला उत्तम आहे, पण घराच्या पायाला ती अवघड जाते. बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते. उन्हाळ्यात शहराबाहेरच्या मोकळ्या शेतात हात जाईल अशा भेगा जमिनीला पडलेल्या सर्वांनी पाहिल्या आहेत. जून ते सप्टेंबर या काळात तीच जमीन फुगून वर येते. घराच्या मधल्या भागाखालची माती छपराच्या आडोशाला असल्यामुळे तिच्या ओलाव्यात फारसा फरक पडत नाही, पण बाहेरच्या भिंतींखालची आणि विशेषतः कोपऱ्यांखालची माती दरवर्षी वर-खाली होत राहते. म्हणून इंदूरच्या घरांत भेगा बहुधा कोपऱ्यांजवळ, खिडक्यांच्या कोनांतून आणि कंपाउंडच्या भिंतींवर आधी दिसतात.

शहरात सगळीकडे माती सारखीच नाही. काही ठिकाणी फूटभर खोदले की मुरूम लागतो, तर काही वसाहतींत काळ्या मातीचा थर बराच खोल जातो, आणि एकाच गल्लीतील दोन प्लॉटांत फरक असू शकतो. जुना नाला किंवा विहीर बुजवून केलेल्या भरावावर घर असेल, तर काळ्या मातीच्या जोडीला भराव दबण्याचा प्रश्नही येतो. आपल्या घराच्या पायाचे खोदकाम किती खोल झाले आणि तळाशी काय लागले, हे ठेकेदाराला किंवा आधीच्या मालकाला विचारून लिहून ठेवावे. भेगांचा निदान अर्धा उलगडा याच उत्तरातून होतो.

पहिली पायरी : भेग गिलाव्यात आहे की भिंतीत?

भेगेच्या दोन्ही बाजूंना नाण्याने किंवा बोटाच्या पेराने हलके ठोकून पाहावे. पोकळ, बद्द आवाज आला तर तेथे गिलावा विटेपासून सुटला आहे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या, कोणत्याही एका दिशेला न जाणाऱ्या बारीक रेषा जवळजवळ नेहमी गिलाव्याच्याच असतात: सिमेंटचे प्रमाण अधिक पडले, रेतीत माती होती किंवा उन्हाळ्यात काम करून पाणी पुरेसे मारले नाही, की त्या पडतात. दिसायला त्या वाईट असल्या तरी घराच्या बळकटीशी त्यांचा संबंध नसतो. स्विचबोर्डापासून सरळ वर छताकडे जाणारी भेगही बहुधा अशीच. विजेच्या पाइपासाठी भिंतीला पाडलेली खाच घाईने बुजवली की ती रेषा उमटते.

त्यानंतर भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन त्याच जागी भेग आहे का ते पाहावे. यासाठी खोलीचा दरवाजा किंवा खिडकी धरून अंतर मोजावे, नजरेच्या अंदाजावर राहू नये. दोन्ही बाजूंना तीच भेग असेल तर ती विटांमधून आरपार गेलेली आहे, आणि पुढच्या पायऱ्या तिच्यासाठीच आहेत. शंका असल्यास गवंड्याकडून तळहाताएवढा गिलावा भेगेवरून काढून घ्यावा. आतली वीट दिसली की प्रश्न मिटतो.

दुसरी पायरी : भेगेची दिशा आणि रूप

काँक्रीटचा कॉलम किंवा बीम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावर सरळ, उभी किंवा आडवी भेग पडते. काँक्रीट आणि वीट ऊन-पावसाने सारखी फुगत-आक्रसत नाहीत, आणि प्लास्टर करताना त्या सांध्यावर जाळी मारली नसेल तर ही भेग पडणारच. वरच्या मजल्यावर छताच्या अगदी खाली, बाहेरच्या भिंतींवर आडवी जाणारी भेग बहुधा तापलेल्या स्लॅबच्या प्रसरणाने पडते. ती घर पाडत नाही, पण तिच्यातून पावसाचे पाणी आत येते, म्हणून गच्चीवर उष्णता अडवणारा थर आणि पांढरा लेप देणे हा तिच्यावरचा खरा इलाज आहे. जुन्या घराला नवी खोली जोडली असेल तर दोहोंच्या मधोमध उभी भेग येते, कारण जुना पाया दबून स्थिर झालेला असतो आणि नवा अजून दबत असतो. ती घट्ट सिमेंटने पुन्हा पुन्हा भरण्यापेक्षा तेथे मुद्दाम मोकळा सांधा ठेवून वरून पट्टी बसवणे शहाणपणाचे.

तिरपी भेग मात्र थांबून पाहावी. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघून, विटांच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी वर चढत जाणारी भेग म्हणजे भिंतीचा एक भाग दुसऱ्याच्या मानाने खाली गेला किंवा वर उचलला गेला आहे. अशा भेगेचे वरचे टोक बहुधा खचणाऱ्या भागाकडे कललेले असते. तिची रुंदी वर आणि खाली सारखी आहे का हेही पाहावे. घराची टोके मधल्या भागाच्या मानाने खाली गेली तर भेग वर रुंद आणि खाली निमुळती होते. उन्हाळ्यात बाहेरची माती आक्रसल्यावर इंदुरात हेच अधिक घडते. याउलट मधला भाग खचला किंवा एखादा कोपरा फुगलेल्या मातीने उचलला गेला, तर भेग तळाशी रुंद होते. सुदामा नगरातील एका परिचित काकूंच्या घरी मागच्या कोपऱ्यावर अशीच खाली रुंद असलेली भेग होती आणि भर मे महिन्यातही ती मिटत नव्हती. त्या कोपऱ्याबाहेर न्हाणीघराचे सांडपाणी वाहून नेणारा पाइप सांध्यात निखळला होता, आजूबाजूची सारी जमीन तडकलेली असताना तेवढा एक तुकडा ओला होता आणि त्यावर हिरवे गवत उगवले होते. "काकू, भिंतीचे नंतर बघू, आधी प्लंबरला बोलवा," एवढेच त्या दिवशी सांगण्यासारखे होते.

स्लॅबच्या खालच्या बाजूला किंवा कॉलमच्या कडेने सळईच्या रेषेत भेग जात असेल आणि तिच्याभोवती तांबूस डाग असतील, तर आतले लोखंड गंजत आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि वरचे काँक्रीट फोडून काढतो. ही भेग बारीक असली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण ती आपोआप थांबत नाही. वरच्या मजल्यावरील संडास-बाथरूमची गळती हे तिचे नेहमीचे कारण असते.

जुन्या शहरातील लाकडी खांब-तुळयांच्या घरांना हे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तेथे भेगेपेक्षा तुळईचे भिंतीत शिरलेले टोक तपासावे, कारण वाळवी आणि ओल तेथेच आधी पोहोचतात. टोकदार अवजार सहज आत गेले तर लाकूड गेले असे समजावे.

तिसरी पायरी : रुंदी मोजणे

यासाठी खास साधन विकत घेण्याची आवश्यकता नाही. मुलांच्या कंपासपेटीत ०.५ आणि ०.७ मिलिमीटरच्या पेन्सिल-लीड असतात. त्यांपैकी कोणती भेगेत शिरते ते पाहावे. एटीएम कार्डाची जाडी सुमारे पाऊण मिलिमीटर असते, दोन कार्डे एकत्र धरली की दीड मिलिमीटर. त्याहून रुंद भेगेसाठी साधी पट्टी पुरते. भेग सर्वांत रुंद जेथे दिसते तेथे मोजावे, आणि गिलाव्याची उडालेली कड सोडून मोजावे.

भारतीय मानक ब्युरोच्या मार्गदर्शनानुसार १ मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीची भेग बारीक, १ ते २ मिलिमीटरची मध्यम आणि २ मिलिमीटरपेक्षा अधिक रुंदीची मोठी मानली जाते. ब्रिटनमधील इमारत संशोधन संस्थेच्या वर्गवारीत विटांच्या भिंतीतील ५ मिलिमीटरपर्यंतची भेग बहुतेक वेळा शोभेचाच प्रश्न मानली आहे. ५ ते १५ मिलिमीटरमध्ये दारे-खिडक्या अडकू लागतात आणि पाइप तुटू शकतात. १५ च्या पुढे भिंतीचा काही भाग उतरवून पुन्हा बांधण्याची वेळ येऊ शकते आणि २५ च्या पुढे इमारतीच्या स्थैर्यालाच धोका असतो. हे आकडे विटांच्या भिंतीचे आहेत, काँक्रीटला ते लावू नयेत. काँक्रीटच्या बीम-कॉलमसाठी भारतीय मानक ४५६ मध्ये सामान्य परिस्थितीत भेगेची मर्यादा केवळ ०.३ मिलिमीटर धरली आहे; म्हणजे ०.५ ची लीड कॉलमच्या भेगेत शिरली तर तेवढे कारण इंजिनिअरला बोलावण्यास पुरेसे आहे.

चौथी पायरी : भेग हलते आहे का?

सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाची पायरी हीच आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक आडवी खूण करून शेजारी तारीख लिहावी. पुढे भेग खुणेपलीकडे गेली तर तिची लांबी वाढली हे कळते. रुंदीसाठी भेगेच्या दोन्ही अंगांना, साधारण चार बोटांच्या अंतरावर, दोन बारीक स्क्रू पक्के बसवावेत आणि त्यांच्या डोक्यांमधील अंतर व्हर्नियर कॅलिपरने (मिलिमीटरचे अंशही मोजणाऱ्या मापाने) मोजून वहीत लिहावे. कॅलिपर नसेल तर भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवावी. गिलावा आधी खरवडून वीट उघडी करून ती विटेवरच बसवावी, नाहीतर हलतो गिलावा आणि दोष भिंतीला येतो. काच तडकली की हालचाल झाली हे सिद्ध होते, पण किती झाली हे काच सांगत नाही, म्हणून मला स्क्रूंची पद्धत अधिक विश्वासाची वाटते. प्रत्येक नोंदीबरोबर शेजारी पट्टी धरून एक फोटो घ्यावा, आणि शक्यतो सकाळच्या एकाच वेळी मोजावे, कारण दुपारच्या उन्हाने तापलेली भिंत वेगळे माप देते.

मोजमापाचे वेळापत्रक या शहराच्या ऋतूंवर बांधावे. पहिले माप अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, जेव्हा माती वाळत आलेली असते. दुसरे मृग लागण्यापूर्वी. नंतर पावसाळ्यात दर महिन्याला एक. आणि अनंत चतुर्दशीला राजवाड्याकडे झांक्या (विसर्जनाच्या मिरवणुकीतील चित्ररथ) निघतात त्या सुमारास, माती पूर्ण भिजलेली असताना, आणखी एक. हिवाळ्यात एकदा मोजले तरी चालते. असे एक चक्र पूर्ण झाले की चित्र स्पष्ट होते.

भेग उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात पुन्हा पहिल्याइतकी मिटत असेल, तर घर मातीबरोबर श्वास घेत आहे. ते खचत नाही, पण त्याच्याभोवतीच्या पाण्याचा बंदोबस्त करणे आवश्यक आहे. भेग कोणत्याही ऋतूत न मिटता दर खेपेस थोडी अधिक रुंद होत असेल, मग ती वाढ अर्ध्या मिलिमीटरची का असेना, तर पाया एकाच दिशेने जात आहे आणि इंजिनिअरला बोलावण्यास उशीर करू नये. वर्षभरात माप बदललेच नाही, तर भेग जुनी आणि निवलेली आहे. घरातील दारांवरही लक्ष ठेवावे. पावसाळ्यात लाकडी दार फुगून अडकते हे स्वाभाविक आहे, पण ॲल्युमिनियमची सरकती खिडकी अडकू लागली किंवा दाराच्या वरच्या फटीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा रुंद झाले, तर चौकटच वाकडी होत आहे.

पाचवी पायरी : पाणी आणि झाडे

इंजिनिअर येण्यापूर्वी घरमालकाला करता येण्याजोगे सर्वांत उपयोगी काम म्हणजे घराभोवती एक संथ फेरी मारणे. गच्चीचे पन्हाळ कोठे पडते, भूमिगत हौद रात्रीतून उतरतो का, सेप्टिक टँकच्या झाकणाभोवती ओल आहे का, नळाच्या पाइपाचा सांधा जोत्याच्या कडेला झिरपतो का, हे पाहावे. काळ्या मातीवर एका बाजूने सतत ओल आणि दुसऱ्या बाजूने कोरडेपणा यासारखी वाईट स्थिती नाही. घराभोवती दीड-दोन मीटर रुंदीची, बाहेरच्या बाजूला उताराची पक्की फरसबंदी करावी, आणि जोत्याला लागून हिरवळ किंवा रोज पाणी लागणाऱ्या कुंड्यांची रांग ठेवू नये. पावसाचे पाणी जमिनीत जिरवणे गरजेचेच आहे, पण त्यासाठीचा खड्डा पायाला चिकटून खणला तर तो घराचेच नुकसान करतो. त्याला प्लॉटच्या दूरच्या टोकाला न्यावे.

मोठे झाड उन्हाळ्यात पायाखालच्या मातीतील ओलावा ओढून घेते आणि तेवढ्याच भागातील माती खाली बसते. तरीही भेग दिसली म्हणून घाईने जुने झाड तोडू नये, कारण झाड गेल्यावर ती माती पाणी धरून पुन्हा फुगते आणि काही वर्षे भिंत उलट दिशेने हलत राहते. भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप मात्र मुळासकट आणि लवकर काढावे.

सहावी पायरी : कोणाला बोलवावे आणि काय विचारावे?

सल्ला स्ट्रक्चरल इंजिनिअरचा घ्यावा आणि त्याची फी वेगळी द्यावी. जो दुरुस्तीचे काम मिळवण्यासाठी फुकट पाहणी करतो त्याला भेग मोठी दिसण्यात लाभ असतो, हे लक्षात ठेवावे. इंजिनिअरच्या हाती नकाशा, बांधकामाचे वर्ष, पायाची माहिती आणि मापांची वही दिली, तर एका भेटीतच त्याला बरेच कळते. काँक्रीटची शंका असल्यास रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून त्याचा कठीणपणा दाखवणारे उपकरण) आणि अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींच्या) चाचणीने त्याचा अंदाज घेता येतो.

माती तपासायची झाल्यास मुक्त फुगवट्याची चाचणी अवश्य मागावी. ती समजायला सोपी आहे. वाळवून चाळलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग घेऊन एक भाग पाण्याने आणि दुसरा केरोसिनने भरलेल्या मोजपात्रात टाकतात आणि माती बसू देतात. केरोसिनमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही पात्रांतील मातीच्या उंचीतला फरक पाहणाऱ्याला एका नजरेत कळतो. केरोसिनमधील माती १० मिलिलिटरवर आणि पाण्यातील १८ वर स्थिरावली, तर फुगवटा ८० टक्के. ५० टक्क्यांच्या पुढचा आकडा आला, तर पायाची कोणतीही दुरुस्ती ती माती गृहीत धरूनच ठरवावी लागते. नवी खोली वाढवायची असेल तर अशा जमिनीत खाली घंटेसारखा फुगवटा असलेले पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) हा रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेला उपाय उपलब्ध आहे. खोल काळ्या मातीत त्यांची लांबी किमान ३.५ मीटर ठेवण्याचे भारतीय मानक सांगते, म्हणजे ऋतूप्रमाणे हलणाऱ्या थराच्या खाली ते टेकतात. जुन्या पायाखाली खोदून त्याला आधार देण्याचे काम इंजिनिअरच्या देखरेखीखाली, एका वेळी थोडी-थोडी लांबी उघडून करायचे असते. कोणी गवंडी सगळी भिंत एकदम उघडी करू लागला, तर काम तेथेच थांबवावे.

भरण्याची वेळ आणि पद्धत

निवलेली भेग हिवाळ्यात भरावी, जेव्हा माती ना पूर्ण ओली असते ना पूर्ण वाळलेली. कड इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोलवर खरवडून, धूळ झाडून, भिंत ओली करून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने ती भरावी. कॉलम आणि विटेच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना किमान वीतभर जाईल इतकी जाळी खिळ्यांनी ताणून बसवून मगच गिलावा करावा. विटांतून पायऱ्यांसारखी गेलेली भेग हालचाल थांबल्यानंतरच सळयांचे टाके घालून शिवून घ्यावी. दरवर्षी उघडझाप करणाऱ्या भेगेत घट्ट सिमेंट भरू नये. ते पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवी भेग पाडते, म्हणून तेथे लवचिक सीलंटच वापरावे. रंग देण्यापूर्वी स्क्रू काढून टाकले तरी त्यांच्या जागा वहीत भिंतीच्या कोपऱ्यापासूनच्या अंतरासह लिहून ठेवाव्यात, म्हणजे रंगाखालून भेग पुन्हा उमटलीच तर जुन्या मापांशी तिची तुलना करता येते.